खो-खोतील धाव आणि खो



खो-खो ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात शोधूनही सापडावयाचे नाही. परंतु तो समजून पाहणारी घरे मात्र थोडीच आहेत. २०२५ च्या जानेवारी महिन्यात दिल्ली येथे या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा ही गोष्ट माझ्या विशेष ध्यानात आली. त्या स्पर्धेत पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारताने अंतिम सामन्यात नेपाळचा पराभव करून विजेतेपद मिळविले. आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे, म्हणजे प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे यांच्याकडे होते, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. दोंडाईच्यास आमच्या घरी दूरचित्रवाणीपुढे शेजारपाजारची मंडळी जमली होती. सामना रंगात आला असता शेजारच्या एक सुशिक्षित बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, तो मुलगा मागे वळून त्याला शिवत का नाही? गडी तर हाताच्या अंतरावर उभा होता!" माझी नात चटकन म्हणाली, "काकू, मागे वळायचं नसतं." "का नसतं?" असे त्यांनी विचारताच मात्र नातीने माझ्या तोंडाकडे पाहिले.

त्या "का नसतं"चे उत्तर देण्याकरिता आजचे हे भाषण आहे. कारण त्या एका प्रश्नात खो-खोतील आक्रमणाचे सारे मर्म साठलेले आहे.

प्रथम मैदान डोळ्यांपुढे आणू या. आपल्यापाशी काडीपेटी असेल तर तिच्यातील आठ काड्या काढून टेबलावर एका ओळीत, थोड्या थोड्या अंतरावर मांडाव्या. पहिल्या काडीचे गुल खिडकीकडे, दुसरीचे दाराकडे, तिसरीचे पुन्हा खिडकीकडे, अशा क्रमाने मांडणी करावी. ओळीच्या दोन्ही टोकांस एकेक वाटी ठेवावी. ते झाले खांब. आठ काड्या म्हणजे पाठलाग करणाऱ्या संघाचे बसलेले आठ गडी. ज्या बाजूस गुल, त्या बाजूस त्या गड्याचे तोंड. नववा गडी उभा असतो व तोच प्रत्यक्ष पाठलाग करतो. प्रौढ पुरुषांचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. पळणाऱ्या संघाचे तीन गडी एका वेळी मैदानात उतरतात. ते तिघे बाद झाले की पुढचे तिघे येतात. पाठलागाची एक पाळी ९ मिनिटांची असते. या ९ मिनिटांत प्रतिपक्षाचे नऊही गडी बाद करावयाचे म्हटले, तर एका गड्यामागे सरासरी एक मिनिटच येते. यावरून पाठलाग करणाऱ्यांची निकड आपल्या लक्षात येईल.

आता दोघांवरील बंधने पाहा. पळणारा गडी पूर्ण स्वतंत्र आहे. तो ओळीच्या या बाजूने पळेल, त्या बाजूने पळेल, दोन बसलेल्या गड्यांमधून नागमोडी निघेल. त्यास कोणी अडविणार नाही. पाठलाग करणाऱ्यास मात्र दोन कडक नियम आहेत. त्याने मधली ओळ ओलांडावयाची नाही. आणि एकदा एका खांबाची दिशा धरली की त्या खांबापर्यंत जाईतो उलट फिरावयाचे नाही. नुसते खांदे मागे वळले तरी पंचाची शिटी वाजते व त्यास उलट दिशेने जावे लागते. म्हणजे पळणाऱ्याचे पाय मोकळे, आणि पाठलाग करणाऱ्याचे पाय जणू रुळांवर. आमच्या स्टेशनावरून जाणारी भुसावळ-सुरत मार्गावरील गाडी जशी मनास येईल तेथे वळत नाही, तसाच हा गडी.

मग अशा जखडलेल्या गड्याच्या हाती मोकळा गडी सापडावा तरी कसा? त्याकरिताच "खो" आहे. खो हा बसलेल्या गड्याच्या पाठीमागूनच द्यावा लागतो. काड्यांकडे पाहा. पाठलाग करणारा दाराच्या बाजूने धावत असेल, तर ज्यांची पाठ दाराकडे आहे अशांनाच तो खो देऊ शकतो. म्हणजे ज्यांची तोंडे खिडकीकडे आहेत अशांनाच. तो उठलेला गडी अर्थातच खिडकीच्या बाजूस धावणार. यावरून एक नियम निष्पन्न होतो, व तो पुस्तकात ठळक अक्षरांत छापावा इतक्या मोलाचा आहे: प्रत्येक खोबरोबर पाठलागाची बाजू बदलते. शिवाय उठलेल्या गड्यास डावीकडे जावे की उजवीकडे हे ठरविण्याची मुभा असते. म्हणून खोबरोबर दिशाही बदलता येते. शेजारच्या बाईंनी पाहिलेला गडी मागे वळू शकत नव्हता, परंतु खो देऊन तो दुसऱ्याच्या पायांनी मागे वळू शकला असता.

तेव्हा पाठलाग करणाऱ्यापाशी दोनच साधने असतात: धाव आणि खो. धावेने अंतर तुटते; परंतु बाजू बदलत नाही. खोने बाजू व दिशा बदलते. परंतु अंतर तुटत नाही. उलट थोडे वाढतेच. कारण धावणाऱ्याच्या अंगी आलेला वेग खोबरोबर फुकट जातो, आणि उकिडव्या बसलेल्या गड्यास उठून पहिल्यापासून वेग घ्यावा लागतो. आणखीही एक किंमत द्यावी लागते. खो देणारा खो घेणाऱ्याच्या जागी बसतो. कर्णधाराने खांबाजवळ विशेष तयारीचे गडी बसविलेले असतात. चार-सहा खो झाले की ही मांडणी विस्कटते. म्हणजे खो हा उसनवारीचा व्यवहार आहे. लाभ होतो, पण व्याज द्यावे लागते.

या ठिकाणी माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक सांगणे मला भाग आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा शिक्षक. तरुणपणी पुष्कळ खो-खो खेळलो होतो, म्हणून शाळा सुटल्यावर आमच्या भागातील एका महाविद्यालयाच्या मुलांना संध्याकाळी शिकवावयास जात असे. त्यांतील कित्येक माझेच जुने विद्यार्थी होते. खो-खोचे सामर्थ्य खोमध्येच आहे, अशी माझी त्या काळी ठाम समजूत होती. मी मुलांकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसे खो म्हणवून घेई. दोन पावले पडली की खो. पुन्हा दोन पावले, पुन्हा खो. पाहणाऱ्यास ती लय फार गोड वाटे. मैदानाच्या कडेला उभे राहणारे लोक वाहवा करीत. आणि मीही मनात सुखावत असे.

त्या संघात तापीकाठच्या एका खेड्यातला मुलगा होता. नदीच्या वाळूत पळून पळून त्याचे पाय विलक्षण घडलेले होते. तो धावू लागला की दोन पावलांवर थांबणे त्याच्या जिवावर येई. मी कडेवरून ओरडत असे, "अरे, कुठवर धावतोस? खो दे!" मुलगा आज्ञाधारक होता. हळूहळू तोही इतरांसारखा दोन पावलांत खो देऊ लागला. आणि मी त्यास शाबासकी दिली.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना जळगाव जिल्ह्यात होता. आमची पाठलागाची शेवटची पाळी सुरू झाली. गडी बाद होत गेले. शेवटी गुण बरोबरीस आले, मैदानात प्रतिपक्षाचा एकच गडी उरला व घड्याळात जेमतेम मिनिटभर शिल्लक राहिले. तो गडी फार वेगवान होता असे नाही. परंतु तो आम्हांस ओळखून चुकला होता. दाराच्या बाजूने पळता पळता तो दोन गड्यांमधील जागेत एक पाय टाकी व खांदा तिकडे झुकवी. आमचा गडी लगेच "खो" म्हणे. नवा गडी खिडकीच्या बाजूस उठे. आणि तो पठ्ठ्या टाकलेला पाय मागे घेऊन दाराच्याच बाजूस राही. आता मधली ओळ आमच्याच गड्याच्या आड आली! पुन्हा खो द्यावा तर नवा गडी दाराच्या बाजूस उठे, आणि तोवर तो खरोखरच पलीकडे निसटे. आमचे खो मोत्यांच्या माळेसारखे एकामागून एक पडत होते, आणि एकही कामास येत नव्हता. वेळ संपली. पुढे पळतीच्या पाळीत आमचा एक गडी अधिक गेला, आणि आम्ही एका गुणाने हरलो.

रात्रीच्या पॅसेंजरने आम्ही परत निघालो. मुले बाकांवर आडवी झाली होती. तो तापीकाठचा मुलगा माझ्यासमोर खिडकीशी बसला होता. अमळनेर मागे पडल्यावर त्याने खालच्या आवाजात विचारले, "सर, मी खो न देता खांबापर्यंत गेलो असतो, तर चाललं असतं का?" मी त्यास उत्तर दिले नाही. चालले असते, हे मला कळून चुकले होते. हूल देणारा गडी त्याच बाजूस राहिला होता, आणि त्या बाजूस आमचा सर्वांत वेगवान मुलगा त्याच्या दोनच हात मागे होता. त्याला थांबविले होते ते प्रतिपक्षाने नव्हे, माझ्या शिकवणीने.

पुढच्या वर्षी मी पश्चात्तापाच्या भरात उलटी चूक केली. "धावा, खांब गाठा," असा एकच मंत्र दिला. त्याचा परिणाम असा झाला की, पळणारे सावकाश ओळ ओलांडून दुसऱ्या बाजूस जात व श्वास घेत उभे राहत; आमचा गडी बिचारा धापा टाकीत खांबापर्यंत जाऊन वळसा घेऊन येई. खो-खोत पळणाऱ्यास विसावा मिळाला की पाठलाग हरला असे समजावे. त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यापर्यंतही पोहोचलो नाही.

तिसऱ्या वर्षी मी एक निराळाच उद्योग केला. एका मुलास वही-पेन्सिल देऊन कडेला बसविले, आणि गडी बाद झाला की त्यापूर्वी काय घडले तेवढेच टिपून ठेवण्यास सांगितले. महिनाभराने वही चाळून पाहिली, तेव्हा जे आढळले ते असे: नुसत्या खोने क्वचित गडी बाद झाला होता, नुसत्या धावेनेही क्वचितच. बहुतेक गडी बाद झाले होते ते तीन-चार घरे जोरात धावून मग दिलेल्या खोने, किंवा लागोपाठच्या दोन खोंनंतर कोणाची अपेक्षा नसता अचानक घेतलेल्या लांब धावेने. म्हणजे धावेने खोस किंमत आणली होती व खोने धावेस.

याचे कारण उघड आहे. पाठलाग करणारा वेगाने अंगावर येत असेल, तर पळणाऱ्यास नुसती हूल देऊन भागत नाही. त्यास खरोखर ओळ ओलांडावी लागते. त्याचे दोन्ही पाय व खांदे पलीकडे गेले, आता परत फिरणे त्यास शक्य नाही, अशा क्षणी दिलेला खो अचूक लागतो. जाणकार यास उशिराचा खो म्हणतात. उलटपक्षी, हा संघ केव्हाही खो देईल अशी धास्ती असली म्हणजे पळणाऱ्याची नजर सतत बसलेल्यांकडे राहते, त्याचे पाऊल अडखळते. आणि मग सरळ धावेतच तो सापडतो. ज्या पाठलागात पुढे काय होणार हे पळणाऱ्यास आधी कळते, त्या पाठलागाचे भय त्यास वाटत नाही.

खांबाजवळ तर या दोन साधनांची जणू संगमच होतो. खांबापलीकडच्या मोकळ्या पट्टीत गेल्यावर पाठलाग करणाऱ्याची बंधने सुटतात. त्यास कोणत्याही बाजूने परत येता येते. म्हणून पळणाऱ्यास धावेने खांबाकडे रेटावयाचे, तेथे बसलेल्या तयारीच्या गड्यास खो द्यावयाचा, आणि त्याने एका हाताने खांब धरून दुसरा हात लांबवीत अंग झोकून गडी टिपावयाचा, ही मोठ्या सामन्यांत दिसणारी चाल होय. प्रेक्षक टाळ्या वाजवितात त्या शेवटच्या झेपेला. परंतु आधीच्या गड्याने तीन-चार घरे प्राणपणाने धाव घेतली नसती, तर ती झेप घेण्याचा प्रसंगच आला नसता.

हा विचार केवळ आपल्याच खेळापुरता आहे असेही नाही. अमेरिकेतील महाविद्यालयांत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळतात, त्यात चेंडू बहुतेक हातांतच असतो. तो छातीशी धरून धावत पुढे न्यावयाचा, हा जुना मार्ग. त्या रेटारेटीत मुले दगावू लागली, तेव्हा पुष्कळ ओरड होऊन १९०६ साली चेंडू पुढे फेकण्यास परवानगी देण्यात आली. तेव्हापासून तेथील शिक्षकांपुढे हाच प्रश्न उभा आहे: धावावे किती व फेकावे किती? संघ नुसता धावतच राहिला तर बचाव करणारे सारे पुढे गर्दी करतात. नुसता फेकतच राहिला तर ते मागे सरून वाट पाहतात. म्हणून तेथेही समतोल हा शब्द वारंवार ऐकू येतो. परंतु समतोल म्हणजे निम्मे-निम्मे नव्हे. तराजूच्या दोन पारड्यांत सारख्या वजनाचे जिन्नस असतात, सारख्या संख्येचे नव्हेत. एका पारड्यात शेरभर कापूस असेल व दुसऱ्यात शेरभर लोखंड. दहा खोंमागे एकच लांब धाव असली, तरी त्या एका धावेची भीती पळणाऱ्याच्या मनात कायम असेल, तर तो पाठलाग समतोल आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या खेळाचे नियम घडविणाऱ्यांनी हा तोल फार विचाराने सांभाळला आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियमांस आकार दिला. पुढे बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने व अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांत सुधारणा केल्या. १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. या दीर्घ काळात मैदानाची मापे बदलली, मातीच्या जागी मॅट आली. परंतु "ओळ ओलांडू नये, उलट फिरू नये, खो पाठीमागून द्यावा" हा गाभा टिकून राहिला. २०२२ साली पुण्यास बालेवाडी येथे झालेल्या व्यावसायिक स्पर्धेत "वजीर" नावाचा एक गडी योजण्यात आला होता. त्यास दिशेचे बंधन नसे. खेळाला त्याने गती आली हे खरे. पण सर्वच गडी जर वजीर झाले, तर खोची गरजच उरणार नाही, आणि खो-खो हा साधा शिवाशिवीचा खेळ होऊन बसेल. बंधन आहे म्हणूनच खो आहे. आणि आपल्याला जे स्वतः करता येत नाही ते दुसऱ्यावर सोपवून आपण त्याच्या जागी खाली बसावयाचे, ही या खेळाची खास रीत आहे.

आता आपण पुढच्या वेळी सामना पाहाल, तेव्हा नजर पळणाऱ्यावरच खिळवून ठेवू नये. पाठलाग करणाऱ्याकडे पाहावे. तो किती घरे धावतो? खो देतो तेव्हा पळणाऱ्याचा एक पाय ओळीपलीकडे असतो की दोन्ही? संघ एकाच लयीत खो देत चालला असेल, तर ती लय कितीही गोड वाटो, थोड्याच वेळात कोणी तरी चतुर गडी तिचा फायदा घेणार हे ओळखून असावे. आणि घरातील मूल शाळेच्या संघात खेळत असेल, तर त्यास "किती गडी बाद केलेस?" एवढेच विचारू नये. ज्याच्या धावेमुळे दुसऱ्याच्या हाती गडी सापडला, त्याचे नाव गुणपत्रकावर लागत नाही. घरी तरी त्याचे कौतुक व्हावे.

तो तापीकाठचा मुलगा तिसऱ्या वर्षीही संघात होता. ते त्याचे शेवटचे वर्ष. सरावाच्या पहिल्याच दिवशी मी त्यास जवळ बोलावून गाडीतल्या प्रश्नाचे उत्तर दिले. मी म्हणालो, "चाललं असतं. चूक माझी होती." तो काही बोलला नाही, खाली वाकून त्याने बुटांच्या नाड्या आवळल्या व मैदानात गेला. त्या वर्षी आम्ही फार मोठे यश मिळविले असे नाही. परंतु एका सामन्यात तसाच एक हुलकावणी देणारा गडी आमच्यासमोर आला. त्याने ओळीत पाय टाकला. बसलेल्या मुलांनी खोच्या अपेक्षेने अंग सावरले. हा मुलगा खो न देता तसाच धावत राहिला; आणि पाय मागे घेणाऱ्या त्या गड्याच्या पाठीवर त्याचा हात पडला. त्याने क्षणभर कडेला उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिले. या खेपेस मी ओरडलो नव्हतो.